खाऱ्या वाऱ्यातली जुनी सायकल: आडणी, कपडे वाळवायचं चाक आणि भिंतीवरची फळी

आमच्याकडे सायकल चालवून झिजत नाही, उभी राहून संपते. वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्राचा आवाज येतो एवढ्या अंतरावर घर असेल, तर पडवीत टेकवलेली सायकल दोन पावसाळ्यांत तांबूस होते आणि तिसऱ्यात स्टँडचा स्प्रिंग हातात येतो. मग ती माडाच्या मुळाशी जाते आणि शेवटी किलोच्या भावाने भंगारवाल्याच्या टेम्पोत. माझ्या काकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे बसायचे, चाकाच्या तारा ताणणारे छोटे नट, म्हणजे निपल, पिळायला तिथेच शिकले. त्यामुळे टेम्पोत चढणारं चाक बघितलं की अजून जीव हळहळतो. गेल्या काही वर्षांत अशा सायकलींतून घरात वापराच्या बऱ्याच वस्तू केल्या. ज्यांनी हातात कधी पाना धरला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. वस्तू बनवण्याचं काम सोपं आहे. किनाऱ्यावर खरं काम असतं ते लोखंडातलं मीठ काढण्याचं आणि ते परत आत जाऊ न देण्याचं. दिवसभराच्या कामात जोडणीला तास-दीड तास लागतो, बाकी सगळा वेळ घासण्यात, धुण्यात आणि वाळवण्यात जातो. तिथे घाई केली तर पुढच्या भाद्रपदात भिंतीवर तांबडे ओघळ दिसतात.

आधी पारख

आणखी एक, सायकल कापायच्या आधी जवळच्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. ती चालू होण्यासारखी असेल तर तिचे भाग त्याला द्या. जुन्या काळ्या, उंच, 28 इंची चाकांच्या सायकली अजून वापरात आहेत आणि त्यांचे भाग पूर्वीसारखे सहज मिळत नाहीत. ॲटलास सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद झाला. योगायोग असा की तो जागतिक सायकल दिन होता. चांगला हब (चाकाचा मधला गाभा), सरळ फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), न झिजलेलं चेनव्हील (पायडलपाशी चेन ओढणारं दातेरी चाक) यावर पहिला हक्क धावणाऱ्या सायकलीचा, असं मी मानते. आपण घ्यायचं ते उरलेलं.

उरलेल्यातून निवडतानाही बघून घ्यावं. मासे विकणाऱ्याची सायकल असेल तर मागचा अर्धा भाग सोडूनच द्या. कॅरियरवरच्या टोपलीतलं बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं मागच्या मडगार्डवर आणि रीमवर गळलेलं असतं. त्याच सायकलीचं पुढचं चाक मात्र ठणठणीत निघतं. पाववाल्याच्या सायकलीचं कॅरियर बहुतेक चांगलं असतं, कारण त्यावर कोरडी पाटी असते आणि वरून प्लास्टिक. शाळेच्या मुलामुलींच्या सायकली बाहेरून वाईट दिसतात, पण आतून बऱ्या असतात.

रीम बघताना टायर काढून आतला पट्टा उचला. गंज तिथे, निपलांच्या भोवती सुरू होतो, बाहेरून पत्ता लागत नाही. एखादा खिळा घेऊन तांबूस जागेवर दाबून ओढा. पूड निघाली आणि खाली चकाकी दिसली तर भाग घ्या. पापुद्रा सुटला किंवा खिळा आत शिरला तर तो भाग भंगारातच जाऊ द्या.

सुटं करताना

हत्यारं फार लागत नाहीत. सायकलचा चपटा, अनेक भोकांचा पाना, 15 नंबरचा पाना, निपल पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, हॅकसॉ, कानस, वायर ब्रश, 80 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर. आणि डोळ्यांवर चष्मा, साधा असला तरी चालेल. आदल्या रात्री सगळ्या नटांवर ऑइल सोडून ठेवा. सकाळी ज्या नटाला हातोडीचे हलके चार ठोके दिले तो सुटतो, ज्याच्यावर जोर केला त्याचे कोपरे जातात.

पायडल काढताना नवशिके हमखास अडतात. उजवं पायडल नेहमीसारखं, घड्याळाच्या उलट दिशेने सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे पाना वरच्या बाजूने धरायचा आणि दोन्हीकडे सायकलच्या मागच्या दिशेला फिरवायचा.

क्रँक म्हणजे पायडलचा दांडा. त्याला जागेवर धरणारी पाचर, म्हणजे कॉटर पिन, काढताना नट पूर्ण काढू नका. नटाची वरची कड आणि पिनेचं टोक समपातळीत येईल इतकाच सैल करा, क्रँकखाली लाकडाचा ओंडका लावा आणि मग ठोका द्या. नट आधीच काढला तर पिनेचं टोक फुलतं आणि ती तिथेच अडकून बसते.

आता तारा, म्हणजे स्पोक. चाकातली प्रत्येक तार ताणलेली असते. मी पहिल्यांदा घाईने ताणलेलीच तार पकडीने तोडली आणि तिचा तुकडा भुवईच्या वर लागला. अर्धा इंच खाली असता तर डोळा गेला असता. म्हणून रीम मोकळी करायची असेल तर व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात करा, प्रत्येक निपल एक एक फेरा सैल करत पूर्ण चक्कर मारा, मग दुसरी चक्कर, मग तिसरी. एका बाजूच्या तारा आधी मोकळ्या केल्या तर रीम पापडासारखी वाकते. ताण गेल्यावर रीमच्या आतल्या बाजूने स्क्रूड्रायव्हर लावून निपल भराभर काढता येतात, त्यांच्या डोक्यावर खाच असते. एखादा जाम झालाच तर शेजारच्या तारा सैल झाल्यावरच ती तार कापा. कापताना तिच्याभोवती फडकं गुंडाळा.

गंज

साध्या लोखंडी भागांसाठी आंबट पाणी उत्तम. पण आपल्या घरात आंबट म्हटलं की हात कोकमाच्या रसाच्या, म्हणजे आगळाच्या, बाटलीकडे जातो, तो आवरा. आगळात मीठ असतं आणि मीठच तर आपल्याला काढायचं आहे. आमसुलांचंही तेच. व्हिनेगरमध्ये मीठ घालून भिजवा असं सांगणारे बरेच भेटतात. कोरड्या गावात ते चालत असेल, इथे नको. चिंचेचा कोळ किंवा नुसतं व्हिनेगर घ्या. परसात बिंबलीचं झाड असेल तर पिकून पडलेली बिंबलं ठेचून त्यांचा रस वापरा. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं आणि गंज त्याने चांगला सुटतो. कोयत्याचं पातं बिंबलाने घासायची पद्धत जुन्या माणसांना माहीत आहे. हातमोजे मात्र घाला.

लहान भाग रात्रभर बुडवून ठेवावेत आणि सकाळी वायर ब्रशने घासावेत. नंतर पाण्यात खायचा सोडा मिसळून धुवायचं, म्हणजे आम्ल मरतं. शेवटचं पाणी गोडं हवं. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी मचूळ होतात, त्या पाण्याने धुतलं तर सगळी मेहनत वाया. धुतल्याबरोबर कोरड्या फडक्याने पुसून भाग कडक उन्हात किंवा चुलीच्या कडेला ठेवा. ओलं लोखंड तसंच ठेवून चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत त्यावर तांबूस झाक आलेली असते.

क्रोमच्या रीमला आम्लात बुडवायची गरज नाही. जेवण गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून पाण्यात बुडवा आणि घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत आणि गंजाचे ठिपके निघून जातात.

जुना रंग घासायचा असेल तर पेपर पाण्यात भिजवून घासा आणि अंगणात बसून. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, त्याची कोरडी धूळ घरात, त्यातही लहान मूल असलेल्या घरात, उडू देऊ नये. त्याच कारणाने क्रोमचा किंवा जस्ताचा मुलामा असलेल्या भागाला वेल्डिंग करून घेऊ नका, त्याचा धूर छातीला वाईट. या लेखातल्या कुठल्याच वस्तूला वेल्डिंग लागत नाही.

रंग द्यायचा तर दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत. रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात, तो पूर्ण वाळल्यावर इनॅमलचे दोन पातळ हात. पावसाळी हवेत दिलेला रंग दुधी पडतो आणि आत दमटपणा कोंडून ठेवतो.

पहिली वस्तू: चेनची आडणी

आडणी म्हणजे गरम भांडं टेकवायची बैठक. हात बसायला ही वस्तू बरी. जुन्या सायकलींच्या चेनला एक जोडकडी असते, तिच्यावर स्प्रिंगची छोटी क्लिप. ती पकडीने सरकवली की चेन उघडते. चेन रात्रभर डिझेलमध्ये ठेवा, ब्रशने प्रत्येक कडी घासा, मग धुण्याचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यातून दोनदा काढा. त्यासाठी रंगाचा रिकामा डबा घ्या, स्वयंपाकाचं भांडं नको. शेवटी बाहेर चुलीवर तव्यासारखी तापवून बघा. वास आला तर आत ग्रीस आहे, पुन्हा धुवा. हे टाळलं तर आमटीचं गरम टोप ठेवल्याबरोबर घरभर गॅरेजचा वास सुटतो.

चेन आडवी, म्हणजे पट्ट्या वर येतील अशी, ठेवून मधून बाहेर गोल गुंडाळत जा. 112 कड्यांची चेन असेल, तर अर्ध्या इंचाच्या एका कडीप्रमाणे 56 इंच लांबी भरते आणि घट्ट गुंडाळल्यावर साधारण 12–13 सेंटीमीटरचं वर्तुळ होतं. टोपासाठी पुरे. मोठ्या हंड्यासाठी दोन चेनी जोडकडीने जोडाव्यात. बारीक स्टेनलेस स्टीलची तार मधून कडेपर्यंत, एका वेटोळ्याच्या वरून आणि दुसऱ्याच्या खालून अशी विणत न्या. अशा तीन ओळी झाल्या की आडणी सुटत नाही. हिला रंग नको, तापून तो सुटेल. महिन्याने खाण्याच्या तेलाचा पातळ हात फिरवा. खोबरेल लावलं तर मुंग्या जमतात.

कपडे वाळवायचं चाक

ज्या घरात जून ते सप्टेंबर लहान मुलाचे कपडे वाळवले आहेत त्यांना याची गरज वेगळी सांगायला नको. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. वलणीवरचे कपडे एका बाजूने चुलीची ऊब घेतात, दुसऱ्या बाजूने ओलेच राहतात. म्हणून फिरणारं काहीतरी हवं होतं, आणि फिरण्यासाठीच केलेली वस्तू अंगणात पडली होती.

यासाठी पुढचं अख्खं चाक घ्या. तारा, हब, एक्सल सगळं जागेवर हवं. पुढच्या चाकात 32 तारा असतात, मागच्यात 40. पुढचं हलकं आणि फ्रीव्हीलशिवायचं, म्हणून तेच बरं. टायर-ट्यूब काढा. हब उघडा: एका बाजूचा कोन, म्हणजे एक्सलवरचा शंकूच्या आकाराचा नट, सोडला की छर्रे दिसतील. ते खाली सांडू नयेत म्हणून चाक परातीवर धरा. छर्रे डिझेलमध्ये धुवा, कपात नवं ग्रीस भरा, छर्रे बोटाने एकेक बसवा, कोन परत लावा. कोन इतका घट्ट हवा की एक्सल हलल्यावर खडखडणार नाही आणि इतका सैल की बोटाने फिरवल्यावर अडणार नाही. दोन-तीनदा पुढेमागे करावं लागतं, वैतागू नका. मग बाहेरचा लॉकनट कसा. चाक आडवं टांगल्यावर सगळा भार खालच्या कोनावर येतो, म्हणून खालच्या बाजूचा लॉकनट विशेष घट्ट.

टांगण्यासाठी लोखंडी पट्टी लागते, बोटभर रुंद, वीतभर लांब. मध्ये एक्सल जाईल एवढं भोक आणि दोन्ही टोकांना दोराची भोकं. टोकं वर वाकवा म्हणजे डोलीसारखा आकार येतो. एक्सलचं वरचं टोक मधल्या भोकातून वर काढा आणि चाकाचाच नट त्यावर कसा. दोन्ही टोकांना दोर बांधून वर एकत्र गाठवा. दोर सुंभाचा छान दिसतो, पण सततच्या दमटपणात तो कुजतो. बंदरावर जाळी विणणाऱ्यांकडे नायलॉनच्या दोराचे उरलेले तुकडे मिळतात, ते घ्या.

टांगायचं कुठे, हे नीट ठरवा. कौलारू घरात दोर रीपेवर, म्हणजे कौलांखालच्या बारीक पट्टीवर, कधीही बांधू नका. माझं पहिलं चाक रीप मोडून खाली आलं, सोबत चार कौलं. नशिबाने खाली कोणी नव्हतं. वासा हवा, तुळई असेल तर उत्तमच. स्लॅबच्या घरात पंख्याचा रिकामा हुक असेल तर तोच घ्या. उंची अशी की तुमचा हात सहज पोचेल आणि चालताना डोकं लागणार नाही. चूल असेल तर चाक तिच्या थेट वर नको, बाजूला हवं. धूर आणि ठिणगी दोन्ही लांब राहतात, ऊब मात्र मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओला कपडा तारेला लागता कामा नये. गंजाचा डाग कापडावर बसला की साबणाने जात नाही. म्हणून चिमटे तारांवर थेट लावायचे नाहीत. प्रत्येक चिमट्याच्या स्प्रिंगमधून तंगूस ओवा, जाळ्याचीच बारीक नायलॉनची तंगूस, आणि तो रीमपासून चार बोटं आत, तारेवर, हातभर खाली लोंबेल असा बांधा. एक तार सोडून एक असे 16 चिमटे होतात. तंगूस तारेवरून मध्याकडे घसरते, म्हणून गाठीच्या आधी तारेवर जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी घट्ट गुंडाळा. कपडे लावताना समोरासमोर लावा: इकडे एक झबलं, तर तिकडे एक. नाहीतर चाक कलतं आणि फिरत नाही. लंगोट, झबली, मोजे, रुमाल, टॉवेल यांच्यासाठी हे आहे. ओली साडी किंवा जीन्स यावर घालू नका.

मे संपत आला, मृग तोंडावर आला, की चाक खाली उतरवा, तारा ऑइलच्या फडक्याने पुसा, हबमध्ये दोन थेंब सोडा. एवढ्याने ते पूर्ण पाऊस काढतं.

कॅरियरची फळी

सायकलवर कॅरियर कसं बसतं ते आठवा. पुढचं टोक सीटखालच्या नळ्यांना, मागून दोन काड्या तिरक्या खाली एक्सलकडे. भिंतीवरच्या फळीला जसा आधार लागतो, तसाच तो तयार मिळतो. सायकलच्या जागी भिंत आली, एवढाच फरक. पुढचं टोक वर भिंतीला, काड्यांची टोकं खाली भिंतीला. स्प्रिंगची चाप काढू नका, तिच्यात विजेची बिलं आणि वर्तमानपत्रं धरून राहतात.

अडचण भिंतीची आहे. आपला जांभा चिरा ड्रिलने पोखरला की भुगा होतो आणि प्लास्टिकचा प्लग त्यात गरगर फिरतो. त्यापेक्षा छिन्नीने चार इंच खोल, आत किंचित रुंद होत जाणारा खळगा करा. त्यात फणसाच्या किंवा ऐनाच्या वाळलेल्या लाकडाचा गुटका सिमेंटने पक्का बसवा. हा खळगा चिऱ्याच्या मधोमध घ्या, दोन चिऱ्यांच्या सांध्यात नको, जुन्या घरांत सांधा मातीचा असतो. आठवडाभर हात लावू नका, मग त्या गुटक्यात जस्ताचा मुलामा असलेला स्क्रू पिळा. भिंत आणि कॅरियर यांच्यामध्ये ट्यूबचा तुकडा वॉशरसारखा ठेवला तर गंजाचा ओघळ चुन्यावर उतरत नाही.

ट्यूबचे असे तुकडे बरेच कामाला येतात. आडवी कापली की रबरबँड, उभी कापली की पट्टी. कोयत्याच्या मुठीला गुंडाळा, ओल्या हातातून निसटत नाही. उन्हात ठेवायच्या कशालाही मात्र वापरू नका, रबर वर्षात तडकतं. घंटी बेड्याला, म्हणजे अंगणाच्या फाटकाला, लावा, पाहुणा आला की घरात कळतं.

रिकामी रीम

मागच्या चाकाची मोकळी केलेली रीम उरते. तिला 40 भोकं, जवळजवळ पाच-पाच सेंटीमीटरवर. चार दोरांनी टांगायची तर दर दहाव्या भोकात दोर. तीन दोर घेतले तर 40 ला तीनने भाग जात नाही, तेरा-तेरा-चौदा असं करावं लागतं, पण तीन दोरांवर ती आपोआप समतोल राहते. काढून ठेवलेल्या तारांचे बोटभर लांबीचे तुकडे करा, पकडीने इंग्रजी एस सारखे वाकवा आणि टोकं कानशीने गोल करा. हे आकडे उरलेल्या भोकांत अडकवले की पळ्या, गाळणी, कांद्याची वेणी सगळं टांगता येतं.

माझा भाऊ मुंबईत एका खोलीत राहतो. गणपती तिथेच बसवतो आणि लाकडी चौकटीची माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास, बांधायला जागा नाही. दोन वर्षांपूर्वी त्याला अशी रीम घासून, रंगवून दिली. आई आधी म्हणाली, "गोल माटवी खंय बघलंस तू?" मग तिनेच बसून आंब्याचे टाळे रीमभर बांधले, म्हणजे लोखंड दिसेना. सुपारीची शिपटी, कवंडळं, तवसं आकड्यांना. नारळ मात्र आकड्यावर नको, तारेचा आकडा त्याच्या वजनाने उघडतो. नारळाची शेंडी सुंभाने थेट रीमला बांधायची, आणि चार नारळ असतील तर चार दोरांच्या खाली एक एक. विसर्जनानंतर रीम पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर जाते. टाळ्यांचा ओलावा तिच्यावर राहू देऊ नका, एवढं त्याला दरवर्षी फोन करून सांगते.